२००७ ची एस ५००, मागणी ८५. खरी किंमत किती धरावी?

वाटसरू

नमस्कार मंडळी. मर्सिडीज एस ५०० बघतोय. डब्ल्यू २२१ बॉडी (एस क्लासची ही पिढी), २००७ चं मॉडेल, ५.५ लिटरचं व्ही ८ इंजिन (एम २७३), ७जी-ट्रॉनिक गिअरबॉक्स, मीटरवर १,३८,००० किमी. दोन मालक झालेत. आतून गाडी देखणी आहे, चामडं कुठे फाटलेलं नाही.

इथे सगळे वेगवेगळ्या देशांतले, म्हणून पैशांचे आकडे न देता प्रमाणात सांगतो. याच इंजिनाच्या, याच वयाच्या गाड्यांच्या जाहिराती पाहिल्या, त्यातली मधली किंमत १०० धरली. त्या हिशेबाने हा माणूस ८५ मागतोय. त्याचं म्हणणं: नवीन होती तेव्हा किंमत कितीतरी पट होती, त्यावर महागडे पर्याय बसवून घेतलेले आहेत, मागच्या वर्षी ब्रेक आणि दोन टायर नवे टाकलेत, त्यामुळे ८५ म्हणजे फुकटच.

मला हवंय ते असं की, अशा गाडीची किंमत ठरवायची पद्धत काय? आणि बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

हिशेबनीस

नवीन असतानाची किंमत पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. त्या आकड्याचा आज एकाच ठिकाणी संबंध उरतो, तो म्हणजे सुट्या भागांच्या किमतीत. गाडी उतरते, तिचे भाग उतरत नाहीत. एअर स्ट्रट (चाकावरचा हवेचा सस्पेन्शन-खांब) आजही वरच्या श्रेणीतल्या गाडीच्याच भावाने येतो. म्हणून एखाद्या साध्या गाडीत जी दुरुस्ती किमतीच्या दोन टक्के असते, ती इथे दहा टक्के होऊन बसते. जुन्या आलिशान गाडीची किंमत ठरवणं म्हणजे नव्वद टक्के पुढच्या दुरुस्तीचा अंदाज बांधणं.

पर्यायांचंही तेच. नव्या गाडीत जास्तीचा प्रत्येक पर्याय किंमत वाढवतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत त्यातले निम्मे किंमत कमी करतात. नाइट व्ह्यू, आपोआप ओढून घेणारी दारं, मागच्या सीटचे पंखे आणि मोटरी, हे सगळं चालू असेल तर शून्य धरा, बंद असेल तर वजा. सगळ्यात महत्त्वाचा पर्याय कोणता असेल तर एबीसी. तुमच्या गाडीत एअरमॅटिक (हवेवरचं सस्पेन्शन) आहे की एबीसी, ते आधी कळवा. एबीसी म्हणजे हायड्रॉलिक सस्पेन्शन: पंप, दाबाचे होज, नायट्रोजनचे अॅक्युम्युलेटर, व्हॉल्व्ह ब्लॉक. चांगलं असेल तर चालवायला अप्रतिम, पण एबीसीची आणि एअरमॅटिकची गाडी एकाच यादीत घालून तुलना करायची नाही.

ब्रेक आणि टायर. ह्या झिजणाऱ्या वस्तू, त्यांचं जेवढं आयुष्य शिल्लक तेवढीच किंमत. शिवाय चालू स्थितीतल्या गाडीला ब्रेक असणारच, हे खरेदीदार गृहीत धरतो. नव्या पॅडचे पूर्ण पैसे किमतीत मिळत नाहीत. याउलट गिअरबॉक्सचं तेल-फिल्टर, टायमिंगचं काम, स्ट्रट यांची बिलं असतील तर ती खरोखर किमतीत धरावीत.

आता पद्धत.

आधी पाया ठरवा. जाहिरातीतली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. तीन महिने हलत नसलेली जाहिरात ही किंमत नव्हेच, ती फक्त एवढं सांगते की या भावाला कोणी घेत नाही. त्यातल्या त्यात कामाच्या तीन गोष्टी: जाहिरात किती दिवस आहे, मध्ये किंमत उतरवली का, आणि उतरवल्यावर किती दिवसांत ती गायब झाली. लिलावातले प्रत्यक्ष विक्रीचे आकडे मिळाले तर उत्तमच. नाहीतर जुन्या गाड्या रोख घेणाऱ्या दोन व्यापाऱ्यांना हीच गाडी वर्णन करून ‘किती द्याल’ विचारा. ते सांगतील तो तळ. व्यापाऱ्याचा नफा त्यात मिळवला की प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीच्या जवळ पोचता.

यादीत फक्त तुलना होण्यासारख्या गाड्या ठेवा. २००९ ला या मॉडेलचा चेहरामोहरा बदलला, त्यानंतरच्या गाड्या वेगळ्या काढा. एस ३५०, डिझेल आणि एस ६०० ची यादीही वेगळी. सरासरी काढू नका, मधली किंमत घ्या. एखादा स्वप्नाळू विक्रेता सरासरीचं वाटोळं करतो.

मग त्या पायातून तीन गोष्टी वजा: आत्ता करावीच लागणारी कामं, पुढच्या वर्षभरात येण्याची दाट शक्यता असलेली कामं, आणि होईल की नाही सांगता येत नाही पण झालं तर मोठं असेल अशा कामाचा जोखीम-भाग. तिसऱ्यासाठी ‘खर्च गुणिले शक्यता’ एवढा ढोबळ हिशेब पुरतो. कामांचे दर मात्र अंदाजाने लिहू नका. चासी नंबर देऊन भागांचे भाव आणि मजुरीचे तास लेखी घ्या.

तपासणीचं गॅरेजवाले सांगतील.

टॉर्क_पाना

एम २७३ आहे आणि २००७ आहे, म्हणजे सगळ्यात आधी इंजिन नंबर. ब्लॉकवर कोरलेला असतो, २७३९ ने सुरू होतो, मध्ये ३० आणि शेवटी सहा आकडे. शेवटचे सहा आकडे ०८८६११ किंवा त्याखाली असतील, तर आयडलर गिअरचा (टायमिंग चेन ज्यावरून वळते तो मधला गिअर) प्रश्न असलेल्या तुकडीतलं इंजिन आहे. त्या गिअरचे दात अपेक्षेपेक्षा मऊ निघाले, ते झिजतात, चेन ढिली पडते आणि कॅमशाफ्टचं टायमिंग मागे सरकतं. गिअर स्वतः महाग नाही. पण तिथे पोचायला बहुधा इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि पैसे त्या मजुरीचे आहेत. (व्ही ६ एम २७२ मध्ये हाच रोग बॅलन्स शाफ्टच्या गिअरला होता, तिथे शेवटचा नंबर ४६८९९३.)

नंबर त्या टप्प्यात असला म्हणजे गिअर गेलाच, असं नाही. पुरावा बघायचा. स्कॅनमध्ये कॅमशाफ्टच्या स्थितीचे कोड आहेत का बघा. नुसता ‘कोड नाही’ यावर विसंबू नका, पुसून टाकता येतात. म्हणून कोड शेवटचे कधी पुसले आणि त्यानंतर किती किमी झाले तेही वाचा. पक्कं करायचं असेल तर क्रँक ठरलेल्या खुणेवर आणायचा, पुढच्या बाजूचे कॅम सेन्सर काढायचे आणि त्या भोकातून पल्स व्हीलची खूण मध्यावर दिसते का बघायचं. चारही मध्यावर असतील तर आज टायमिंग ठीक आहे. एक बाजू सरकलेली दिसली तर पुढचं काही तपासायची गरज नाही, तो सौदा वेगळाच होतो.

तेवढ्यात कॅम मॅग्नेटकडे (कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारे) बघून घ्या. इंजिनाच्या पुढे चार असतात. प्लग ओढून आत बोट लावा. तेल लागलं तर मॅग्नेटमधून तेल वायरीत शिरतंय. सुरुवातीला पकडलं तर मॅग्नेट आणि मधली छोटी तेलरोधक वायर, एवढ्यावर भागतं. दुर्लक्ष केलं तर तेल वायरीच्या आतून केशाकर्षणाने चढत चढत इंजिनच्या कंट्रोल युनिटपर्यंत जातं. म्हणून युनिटचा प्लगही काढून बघा. कोरडा असायला हवा.

इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग. आतल्या फ्लॅपना हलवणारा प्लॅस्टिकचा दांडा तुटतो. पी २००४ ते पी २००७ यांपैकी कोड, खालच्या फेऱ्यांना ओढ कमी. कंपनी अख्खं मॅनिफोल्ड बदलते. बाहेर धातूच्या दांड्याचा दुरुस्ती संच मिळतो. दोन्हींच्या खर्चात मोठं अंतर आहे, त्यामुळे वजावट कोणत्या कामाची धरताय ते विकणाऱ्याला सांगा, नाहीतर तिथेच वाद होतो. आतले फ्लॅपच झिजले असतील तर संचाचा उपयोग नाही.

इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या घंटेच्या आकाराच्या आवरणावर तेल दिसलं की लोक क्रँकचं मागचं सील गेलं म्हणून घाबरवतात. या इंजिनात बऱ्याचदा ते हेडच्या मागच्या गोल झाकणांमधून आलेलं असतं, आणि ती झाकणं स्वस्त आहेत. वरून खाली ओघळ शोधा. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केटही गळतं.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं, ही अट विकणाऱ्याला आधीच सांगा. पोचल्यावर बॉनेटवर आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड चालू करताना दोन-तीन सेकंद साखळीचा खडखडाट आला तर टेन्शनर किंवा हेडमधले तेल धरून ठेवणारे व्हॉल्व्ह. गरम इंजिनात हा आवाज लपतो.

गिअरबॉक्स ७२२.९, म्हणजेच ७जी-ट्रॉनिक. अर्धा तास चालवून, गरम झाल्यावर बघायचा. ‘पी’ मधून ‘आर’ आणि ‘डी’ ला टाकताना उशीर किंवा ठोका, थांबत येताना दुसऱ्यातून पहिल्यात जाताना धक्का. एकाच गिअरमध्ये अडकून बसत असेल तर आतल्या कंडक्टर प्लेटवरचे वेगाचे सेन्सर गेलेले असण्याची शक्यता मोठी. त्या प्लेटवरच गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट आहे आणि ते गाडीला कोड केलेलं असतं. भंगारातून आणून बसवलं आणि चाललं, असं होत नाही. तेल बदलल्याची नोंद मागा.

नोंदींवरून आठवलं. या इंजिनात तेल ८.५ लिटर जातं, मर्सिडीजच्या २२९.५ मान्यतेचं. सर्व्हिसच्या बिलावर ५ लिटर कुठलंतरी तेल लिहिलेलं दिसलं तर त्या बिलाला नोंद म्हणू नका.

एअरमॅटिकचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो.

टॉर्क_पाना

एअरमॅटिक तपासायला यंत्र लागत नाही, मोजपट्टी लागते. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, इंजिन चालू असताना चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजून लिहून ठेवा. बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी दार न उघडता पुन्हा मोजा, कारण दार उघडलं की यंत्रणा जागी होते.

सगळीकडे चार-पाच मिमी फरक असेल तर चिंता नको. एकच कोपरा बसला तर त्या कोपऱ्याचा स्ट्रट किंवा त्याची नळी. साबणाचं पाणी फवारा, रबराच्या घडीत किंवा नळीच्या जोडावर बुडबुडे दिसतील. एकाहून जास्त कोपरे सारखे बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्या. सकाळी सुरू केल्यावर कॉम्प्रेसर किती वेळ घरघरतो तेही ऐका. स्ट्रट गळतो, म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालतो, म्हणून तो तापून जातो: हा क्रम ठरलेला आहे. गळका स्ट्रट बरेच महिने तसाच चालवला असेल तर कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले हिशेबात धराच. रिलेचे संपर्क चिकटले तर नवा कॉम्प्रेसरही जळतो, शिवाय बॅटरी उतरते ती वेगळी.

‘डी’ मध्ये ब्रेक दाबून उभं असताना स्टिअरिंग थरथरलं तर इंजिनचे माउंट. आत द्रव असतो, तो गळून गेला की माउंट बसतात.

रंगारी

बॉडीचं थोडक्यात. रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन जा, लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखणारं. या गाडीचं बॉनेट आणि पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची आहेत, चुंबकवाला स्वस्तातला मीटर तिथे काहीच सांगत नाही. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. २०० ते ३५० म्हणजे वरून पुन्हा रंगवलंय. ६००, ८०० किंवा हजारच्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे, म्हणजे पत्रा ठोकलेला. दर पॅनेलवर एक नाही, पाच-सहा ठिकाणी मोजा.

दार बदलणं किरकोळ गोष्ट, ते बोल्टावर असतं. मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा) वेल्ड केलेला असतो. तो कापून बदलला असेल तर दाराच्या चौकटीतलं सीलंट आणि स्पॉट वेल्डचे ठिपके दुसऱ्या बाजूशी जुळणार नाहीत.

डिकीतली फळी उचलून खालचा खड्डा बघा. पाण्याची रेघ, गंजलेले बोल्ट, जोडांवर हिरवट थर दिसला तर इलेक्ट्रिकची दुखणी पुढे कायम सुरू राहतील. सीटच्या रुळांचे बोल्टही बघा. पुरात बुडालेली गाडी कितीही चकाचक करा, ते बोल्ट कोणी बदलत नाही.

निळा_सदरा

एवढा व्याप करण्यापेक्षा लेक्सस एलएस घ्या आणि निवांत रहा.

टॉर्क_पाना

@निळा_सदरा, एलएस ४६० च्या पुढच्या सस्पेन्शनच्या आर्म्सचे भाव बघून मग निवांत रहा. गाडी चांगलीच आहे, पण बाजारालाही ते ठाऊक आहे. तोच निवांतपणा तुम्ही खरेदीच्या किमतीत आधीच मोजलेला असतो.

मीटरमास्तर

किलोमीटरचं कोणी बोललं नाही. या गाडीत किमी फक्त डॅशबोर्डच्या मीटरमध्ये नसतात, इतर कंट्रोल युनिटमध्येही नोंदी राहतात. मीटर मागे घेणारे सगळीकडे हात घालतातच असं नाही. कंपनीच्या स्कॅनरवर बऱ्याच दोषांपुढे तो दोष पहिल्यांदा आणि शेवटचा किती किमीला आला ते दिसतं. मीटर १,३८,००० आणि सीटच्या युनिटमधला एखादा क्षुल्लक जुना दोष १,९०,००० ला नोंदलेला, असं दिसलं तर विषय संपला. म्हणून नुसता इंजिनचा कोड वाचणारा छोटा स्कॅनर चालणार नाही, सगळी युनिट वाचणारा हवा, आणि कोड पुसायच्या आधी छापील अहवाल घ्या.

शिवाय डोळ्यांनी: ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, खिडकीची बटणं, स्टिअरिंगवर अंगठा टेकतो ती जागा. स्टिअरिंगचं चामडं नवं आणि पेडल गुळगुळीत, हे एकत्र दिसलं की विचारा.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. तपासणी करून घेतली, आकडे देतो.

एअरमॅटिक आहे, एबीसी नाही. चौदा तासांनी पुढचा डावा कोपरा २४ मिमी बसला, बाकी तिन्ही २ ते ४. कॉम्प्रेसर सुरू केल्यावर बराच वेळ चालतो. इंजिन नंबर त्या टप्प्यातलाच निघाला. कॅमशाफ्टचे कोड नाहीत, खुणा चारही मध्यावर. मॅनिफोल्डचा पी २००६ आहे, दांडा तुटलाय, फ्लॅप हाताने नीट फिरतात. चारपैकी दोन मॅग्नेटच्या प्लगमध्ये तेल, कंट्रोल युनिट कोरडं. गिअरबॉक्स गरम झाल्यावरही मऊ, पण तेल बदलल्याची नोंद कुठेच नाही. उजवं मागचं दार आणि क्वार्टर पॅनेल २६० ते ३१०, बाकी गाडी ११० ते १४०. डिकी कोरडी. किमीच्या नोंदी जुळतात. टायर: पुढचे दोन नवे, मागचे आठ वर्षांचे.

दरही लेखी घेतले, त्याच १०० च्या मापात: स्ट्रट मजुरीसह ९, कॉम्प्रेसर आणि रिले ५, मॅनिफोल्ड संच लावून ६ (अख्खं बदललं तर ११), मॅग्नेट-वायरी २, गिअरबॉक्स तेल-फिल्टर २, मागचे टायर ४. आयडलर गिअरचं काम इंजिन उतरवून ४५.

रंगारी

२६० ते ३१० म्हणजे मूळ रंगावर दुसरा हात, पुट्टी नाही. ओरखडा घालवला असणार. याला अपघात म्हणून मोठी वजावट मागितलीत तर विकणारा हसेल. ३ ते ५ धरा.

हिशेबनीस

आता आकडे बोलायला लागले. आधी सरळ हिशेब: १०० वजा १४ (हवेचं सगळं), ६, २, २, ४, रंगाचे ५. उरले ६७. आयडलर गिअर: खुणा मध्यावर आहेत, म्हणून शक्यता पाचात एक धरतो. हा आकडा माझा अंदाज आहे, तुम्ही किती घाबरता त्यावर बदला. ४५ चा पाचवा भाग ९. उरले ५८. गाडी गॅरेजमध्ये अडकेल, फेऱ्या होतील, काहीतरी अजून निघेल, त्याचे ४. म्हणजे ५४.

खडूस_खरेदीदार

हिशेबनीस, इथे दोनदा वजाबाकी होतेय. वाटसरूंनी १०० आणले जाहिरातींतून. त्या जाहिरातींतल्या गाड्या काय सगळ्या निर्दोष आहेत? त्यांच्याही गिअरबॉक्सच्या तेलाचा पत्ता नसेल, त्यांच्याही मॅग्नेटमध्ये तेल असेल, टायर अर्धे झिजलेले असतील. त्या वयाच्या गाडीत जे असतंच, ते बाजारभावात आधीच मुरलेलं आहे. १०० हा निर्दोष गाडीचा भाव असेल तरच सगळं वजा करा. मध्यम गाडीचा असेल तर मध्यमपेक्षा जे वाईट आहे तेवढंच वजा करायचं.

आणि आयडलर गिअर तर यादीतल्या बहुतेक २००६-०७ च्या गाड्यांत तसाच आहे.

हिशेबनीस

मुद्दा बरोबर, आणि म्हणूनच पाया आधी ठरवा म्हटलं होतं. पण यात दोन उलट दिशेच्या गोष्टी आहेत. १०० ही मागणीची किंमत आहे, विक्रीची नाही, म्हणजे पाया फुगलेला. दुसरीकडे त्या गाड्या मध्यम आहेत, म्हणजे माझी वजावट फुगलेली.

वाटसरू, व्यापाऱ्यांना विचारलंत का?

वाटसरू

विचारलं. ‘मध्यम, चालू, मोठा दोष नाही’ अशा गाडीला एक ७४ देतो म्हणाला, दुसरा ७६. दोघांच्याही दुकानात तशी गाडी ९२ च्या आसपास सुटते असं दिसतंय.

हिशेबनीस

मग दुसऱ्या वाटेने: पाया ९२, मध्यम स्थिती. मध्यमपेक्षा वाईट काय? हवेचे १४, मॅनिफोल्ड ६, रंग ५ (मध्यम गाडीलाही एखादं पॅनेल रंगवलेलं असतं म्हणून ३ धरलेत तरी भांडणार नाही), मागच्या टायरांचे अर्धे २. मॅग्नेट आणि गिअरबॉक्स तेल सोडलं. गिअरची जोखीमही सोडली. ९२ वजा २७, म्हणजे ६५.

एक वाट ५४ म्हणते, दुसरी ६५. यापेक्षा बारीक उत्तर या गाडीचं निघणार नाही, काढायचा प्रयत्नही करू नका. ५४ च्या आसपास बोली सुरू करा, ६५ च्या वर गेलं तर उठून या. गिअरच्या जोखमीवर मात्र मी खडूसांशी पूर्ण सहमत नाही. बाजाराने ती भावात धरली असेल असं म्हणणं ठीक, पण बहुतेक खरेदीदारांना इंजिन नंबर बघायचा असतो हेच माहीत नसतं. काम निघालंच तर ४५ तुमच्या खिशातून जाणार. तेवढे पैसे बाजूला ठेवता येत नसतील तर तुमच्यासाठी ही गाडी ५४ लाही महाग आहे. आणि गिअर बदलल्याचं बिल असलेली दुसरी गाडी ७५ ला मिळाली, तर ती आधी बघा.

खडूस_खरेदीदार

६५ मान्य. बोली करताना ‘गाडी खराब आहे’ म्हणू नका, विकणारा लगेच आडवा जातो. दरपत्रकं समोर ठेवा आणि उंचीच्या मोजमापाचा कागद दाखवा. दुसरा पर्यायही द्या: ‘स्ट्रट, कॉम्प्रेसर आणि मॅनिफोल्ड तुम्ही बिलासह करून द्या, मी ८० देतो.’ वीस खर्च करून ऐंशी घेण्यापेक्षा बहुतेक लोक आहे तशी साठ-पासष्टला देतात. करून द्यायला तयार झालाच तर कोणत्या कंपनीचा स्ट्रट, नवा की पुनर्निर्मित, ते आधी लिहून घ्या. नाहीतर सगळ्यात स्वस्त स्ट्रट बसवून वर्षभरात गाडी पुन्हा त्याच कोपऱ्यावर बसेल.

वाटसरू

तो आता म्हणतो, ‘मी थांबतो, काही वर्षांत ही क्लासिक होईल.’ याला काय उत्तर?

हिशेबनीस

थांबू द्या. ही गाडी भरपूर संख्येने बनली. अशा मॉडेलमध्ये भाव चढला तर तो आधी फार कमी चाललेल्या, पूर्ण नोंदींच्या किंवा दुर्मीळ इंजिनाच्या गाड्यांचा चढतो. तुटलेला दांडा आणि गळका स्ट्रट घेऊन उभी राहिलेली गाडी तोपर्यंत बॅटरी, टायर आणि रबरं खात बसते.

मीटरमास्तर

सौदा जमलाच तर टोकन देण्याआधी दोन्ही किल्ल्या मागा आणि दोन्हींनी गाडी चालू करून बघा. एकच असेल आणि ‘दुसरी घरी आहे’ म्हणाला तर टोकन दुसरी आणल्यावर. या गाडीची किल्ली कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे होत नाही, कंपनीकडून गाडीच्या नंबरावर मागवावी लागते; त्याचाही दर लेखी घेऊन ६५ मधून वजा करा.